सुटायला साठ वर्षं

संगीत ग्रंथालयात त्यांना सगळे साठकाका म्हणत. जुन्या संगीतकारांची स्वरलिपी कोणत्या देशात फुकट वाटता येते आणि कुठे नाही, हे ठरवणं त्यांचं काम. इथे माणूस गेल्यावर साठ वर्षं कॉपीराइटचा हक्क वारसांकडे. कुठे पन्नासच, कुठे हिशेबच निराळा. मुदत संपली की ऑफिसात म्हणत, "सुटला एकदाचा." मेलेल्याला दुसऱ्यांदाही सुटावं लागतं, हे तिथेच कळायचं.

बायको गेली तेव्हा शेजारीण म्हणाली, "सुटली हो बिचारी." काका बोलून गेले, "नाही, अजून साठ वर्षं आहेत." तेव्हापासून शेजारीण त्यांच्याशी जपूनच बोलते.

एका जुन्या संगीतकाराच्या पियानोरचनांवर कुठे कोणतं बोट टाकायचं, याच्या खुणा घालून बायकोने पुस्तक छापलं होतं. संगीतकार केव्हाच सुटला होता. खुणा मात्र तिच्या, आणि वारस काका. एक दिवस परदेशातल्या एका पियानोच्या बाईंचा मेल आला. मुलांच्या मैफलीसाठी ती पानं छापायची आहेत, परवानगी द्याल का?

बाईंच्या देशात बोटांच्या खुणांवर मुळी हक्कच नव्हता. मेल वाचतानाच काकांना हे ठाऊक होतं. तरी मूग गिळून बसले. उलट विचारलं, सभागृह केवढं? पियानो कोणता? मुलं केवढी? बाई भरभरून उत्तरं देत, आणि असे काही महिने गेले. एकदा त्यांनीच विचारलं, इथे चौथं बोट सोयीचं असताना तिसरं का? काका जेवण गार करून लिहीत बसले. हिचं चौथं बोट दारात चेंगरलं होतं, तेव्हापासून वाकत नसे. मुलांनी खुशाल चौथं वापरावं. बायको गेल्यापासून तिच्याबद्दल इतकं ते कोणाशीच बोलले नव्हते.

मग आलेला मेल चारच ओळींचा होता. उद्या कार्यक्रमपत्रिका छापायची आहे. परवानगी नसल्याने तुमच्या पत्नीची पानं वगळते. त्रास दिला, माफ करा.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आडमुठ्या वारसांना 'धनावरचे नाग' म्हणणारे ऑफिसात तेच. त्यांनी घाईघाईने लिहिलं, "वगळू नका. तुमच्या देशात परवानगी लागतच नाही. पहिल्यापासून लागत नव्हती."

उत्तर लगेच आलं. "मग इतके महिने मला का लटकवलंत?"

काकांनी आधी कायदा लिहायला घेतला. दोन देशांतला फरक, संपादकाचे हक्क, अपवाद. चांगले दोन परिच्छेद झाले, ते सगळे पुसले.

"तेव्हाच सांगितलं असतं, तर तुमचा दुसरा मेल आला नसता. आणि हिच्याबद्दल विचारणारं मला दुसरं कोणी नाही."

पाठवलं आणि वाट बघत बसले. या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.