बिनगाठीची शिवण

“शर्ट नवा आहे आणि बटण माझ्या हातात,” गिऱ्हाईक म्हणालं.

“म्हणजे परवा आमच्या शिंपीणबाईंच्यात कोणीतरी वारलं होतं,” इस्त्री न थांबवता इस्त्रीवाली म्हणाली. “द्या इकडे.”

गिऱ्हाईक चक्रावलं, पण खरं तेच होतं. शिंपीणबाई यहुदी. त्यांच्यात गेलेल्या माणसाला साधा पांढरा झगा घालतात. गरीब असो की गब्बर, झगा एकच. त्याला खिसा नसतो आणि त्याच्या शिवणीत गाठ मारायची नसते. आसपासच्या मोजक्या यहुदी घरांसाठी हे झगे शिंपीणबाईच शिवायच्या आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. मात्र एकदा झगा शिवला की पुढचे दोन-तीन दिवस हात गाठ मारायचंच विसरायचा. मग त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर इस्त्री करणारी ही मैत्रीण प्रत्येक बटण ओढून बघायची आणि सैल दिसेल तिथं गाठ मारून द्यायची. ती यहुदी नव्हती. अनाथाश्रमात वाढलेली, आपण कोणाच्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं.

“तुम्ही म्हणे देवानं निवडलेली माणसं,” ती चिडवायची. “एवढं निवडून हे डबडं मशीन दिलं होय?”

“निवडलं म्हणजे लाड केले असं नाही गं. आई कशी थोरलीलाच हाक मारते, पाणी भर, धाकट्यांना बघ. तसं ते.”

“आणि काही बिघडलं की पहिला धपाटाही थोरलीलाच.”

“तेही लिहिलंय आमच्या शास्त्रात,” शिंपीणबाई हसायच्या.

पुढे इस्त्रीवालीने आजारपणात अंथरूण धरलं तेव्हा तिने एकच मागितलं.

“मला तुझ्या हातचा झगा हवा. बिनखिशाचा. जन्मभर लोकांचे खिसे इस्त्री केले, आता पुरे.”

“दिला,” शिंपीणबाई म्हणाल्या.

ती गेली त्या सकाळी शिंपीणबाई धाकट्या भावाकडे गेल्या. तो प्रार्थनागृहात शास्त्र वाचायचा आणि झग्यांच्या कापडाचा तागा त्याच्याच ताब्यात असायचा.

“ताई, ते कापड आपल्या माणसांचं आहे,” तो म्हणाला. “देवानं आपल्याला वेगळं काढलं, ते वेगळं राहावं म्हणूनच ना? प्रार्थनागृहाची मंडळी ऐकायची नाहीत. तुझ्याकडचं काम काढून घेतील.”

या कामाखेरीज मिरवावं असं शिंपीणबाईंकडे दुसरं काही नव्हतं.

“काढलं तर मला फार लागेल,” त्या म्हणाल्या. “पण मी शब्द दिलाय.”

“ताग्याला हात लावू देणार नाही मी.”

“नकोच मला तागा.”

घरी येऊन त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक झगा काढला आणि खालची शिवण उसवायला घेतली. इस्त्रीवाली त्यांच्या जेमतेम खांद्याला लागायची, तेव्हा झगा आखूड करणं भाग होतं. मागोमाग आलेला भाऊ दारातच थबकला.

“ताई, हा तर तुझ्यासाठी शिवून ठेवलेला.”

“होता.”

तो इस्त्रीच्या टेबलाशी बसला.

“आपल्या शास्त्रात एक संदेष्टा आहे,” तो म्हणाला. “त्याच्या तोंडून देव विचारतो, तुम्हाला मी इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढलं ते खरं, पण शेजारच्या लोकांनाही त्यांच्या त्यांच्या जागेहून मीच नाही का आणलं? दरवर्षी वाचतो मी ते. पण भराभर वाचून मोकळा होतो.”

“यंदा सावकाश वाच. आणि आधी एवढी सुई ओवून दे. मला दिसेना झालंय.”

त्याने सुई ओवून दिली. झगा इस्त्रीवालीला अगदी मापात बसला.

भावाने मंडळींना काय सांगितलं कोण जाणे. कुरकुर झाली, मंडळींपैकी दोघांनी या बहीणभावाशी बोलणं टाकलं. पण पुढच्याच आठवड्यात तो अख्खा तागा खांद्यावर घेऊन बहिणीच्या दारात उभा होता.

“तुझ्याकडेच राहू दे,” तो म्हणाला. “आधी स्वतःचा शिव.”

त्यांनी शिवला. दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक शर्ट घेऊन आलं, बटण तळहातावर. शिंपीणबाईंनी पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. इस्त्री उभी करून ठेवलेली होती, गार. त्यांनी बटण लावलं, गाठ मारली आणि इस्त्रीवाली ओढायची तसं ओढून पाहिलं. मग तिच्या वाटची म्हणून आणखी एक मारली.