अमावास्येलाच आकडी का?

माजिवड्याच्या मठात अमावास्येच्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. आरती टिपेला पोचली आणि हरिहर महाराज गरजले, "आली! देवी आली!" पाटावर बसवलेली चौदा वर्षांची ऋजुता खरोखरच धाडकन कोसळली. हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. गर्दीने हात जोडले.

"विचारा तुमच्या विज्ञानाला!" महाराज म्हणाले. "अणूत कंपन, कंपनात देवी! पोरीच्या आजोळी नवस चुकला. मामा बहिरा झाला, आता भाचीची पाळी!"

सगळ्यांच्या नजरा ऋजुताच्या आईकडे, सरोजकडे वळल्या. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन ती संतापाने धुमसत होती. सर्वांत जास्त राग होता नवऱ्याचा. प्रभाकर बी.एस्सी., बँकेत अधिकारी, आणि मान डोलवत होता सगळ्यांच्या आधी.

नियम ठरलेला होता. प्रतिपदेपासून रोज भस्माची पुडी पाण्यातून द्यायची. वद्य दशमीनंतर भस्म बंद आणि अमावास्येला निर्जळी उपास. भस्म चालू असलं की आकडी जवळजवळ येतच नसे, मुलगी मात्र दिवसभर पेंगायची. अमावास्येला आकडी हमखास.

"एवढा पुरावा डोळ्यांसमोर आहे, अजून काय हवं तुला?" प्रभाकर विचारायचा.

सरोज दवाखाने पालथे घालत राहिली. डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांनी जंत सांगितले, दुसऱ्यांनी वयात येण्याचा परिणाम, तिसरे म्हणाले, लग्न झालं की सगळं सुरळीत होईल. हातातून कप उडावा असे झटके मुलीला का बसतात, ती जिन्यावर का धडपडते, हे नीट ऐकून घ्यायला कुणाला सवडच नव्हती. शेवटी सरोज हट्टाला पेटली आणि शुक्ल पक्षातच लेकीला मुंबईला मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. प्रभाकर कुरकुरत मागोमाग आला.

"ही इतकी गुंगीत का? कुठली गोळी चालू आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गोळी नाही हो. नुसतं भस्म," प्रभाकर म्हणाला.

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, सोबत सरोजने पर्समधून काढून दिलेली भस्माची पुडीही. रक्तात सापडलं फेनोबार्बिटोन, आकडीवरचं जुनं औषध. पुडीतही तेच, राखेत कुटून मिसळलेलं.

"हे औषध एकाएकी तोडलं की आकडी उसळते," मठाचा सगळा नियम ऐकून घेऊन बाई म्हणाल्या. "त्यात उपाशी ठेवायचं! तुमचे महाराज तिथीनुसार आकडी आणवतात."

प्रभाकरचा चेहरा पडला. "आणि मामाचं? ते त्यांना कसं कळलं?"

"कोणी सांगितलं असेल?"

त्यानेच सांगितलं होतं, पहिल्याच भेटीत, चहा पिता पिता.

पुढे मांडीच्या स्नायूचा तुकडा तपासला आणि आजाराला नाव मिळालं. पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक शेगड्या असतात, त्यांतच दोष होता. त्या शेगड्या मुलाला फक्त आईकडून मिळतात. मामाचं बहिरेपणही बहुधा त्यातलंच.

"म्हणजे माझ्याचकडून!" सरोज ओरडलीच. "मग तो भोंदू खरंच बोलला ना?"

"तुम्हाला तुमच्या आईकडून आलं. यात गुन्हा कुणाचा?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आजार मुळापासून जाणार नाही, मी खोटं सांगणार नाही. पण आकडी आटोक्यात ठेवता येईल. गोळ्या चुकवायच्या नाहीत, उपाशी ठेवायचं नाही, मला विचारल्याशिवाय दुसरं औषध नाही."

पुढच्या अमावास्येला सरोज ऋजुताला पोटभर जेवू घालून, गोळी देऊन मठात घेऊन गेली. आरती टिपेला पोचली. महाराज गरजले. ऋजुता बसूनच राहिली. महाराज पुन्हा गरजले, मग नुसतेच खोकले.

सरोज उठली आणि पुडीत काय असतं ते तिने सगळ्यांना स्पष्ट सांगितलं.

"देवी शांत झाली! महाराजांची कृपा!" कुणीतरी ओरडलं आणि गर्दीने लगेच जयजयकार केला. सरोजला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. एवढ्यात एक कोळीण लेकीला कडेवर घेऊन तिच्यापाशी आली.

"बाय, माजे पोरीला पन दशमीपासून भस्म नाय दिला. सकालपासून पानी पन नाय. आता काय करू?"

"आधी तिला खाऊ-पिऊ घाल," सरोज म्हणाली. "पुडी फेकू नकोस, डॉक्टरला दाखवायचीय. चल, मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात. आत्ताच."