प्रश्न पूर्ण ऐका

"हेलियम!" निकेत ओरडला. बजरवरचा हात त्याने अजून उचललाही नव्हता.

"चूक. पाच गुण वजा," प्रश्न विचारणाऱ्या बाई म्हणाल्या. "आता चेन्नईच्या संघासाठी प्रश्न पूर्ण वाचते. सूर्यावरून नाव पडलेलं हे मूलद्रव्य ज्या ग्रहणात प्रथम दिसलं, ते ग्रहण कोणत्या वर्षी झालं?"

चेन्नईच्या मुलाने शांतपणे वर्ष सांगितलं. नागावच्या त्या रिसॉर्टचा हॉल टाळ्यांनी भरून गेला. शेवटच्या रांगेत निकेतच्या संघाला घेऊन आलेल्या मधुवंतीने डोळे मिटून घेतले.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय प्रश्नमंजूषेत उरणच्या आडबाजूच्या कॉलेजचा संघ उपांत्यपूर्व फेरीत येईल, असं कुणालाही वाटलं नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष विश्वंभरशेठ यांना तर नाहीच. रसायनशास्त्राचा वर्ग येत्या जूनपासून बंद करायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "मॅडम, पोरं येत नाहीत, मी काय करू?" ते म्हणाले होते. "पहिल्या चारांत या. पेपरात फोटो येऊ दे. मग बघतो." मधुवंतीने त्या 'बघतो'वर तीन महिने काढले. त्याआधी 'कायम जागेची जाहिरात निघेल' यावर किती वर्षं काढली, याचा हिशेब ती करत नसे. ती तासिका तत्त्वावर शिकवी. वर्ग गेला की तासही जाणार होते.

मध्यंतरात संघातली तिघं तिच्याभोवती गोळा झाली. सरबताच्या पेल्याला कुणी हात लावला नाही.

"सॉरी मॅडम," निकेत म्हणाला. "डोकंच सटकलं."

"तुझं कधी जागेवर होतं?" प्रज्योतने टोमणा मारला.

"तू गप रे. तू तर सकाळपासून बजरला हातपन नाय लावला."

"भांडू नका," मधुवंती म्हणाली. प्रयोगशाळेत ब्यूरेट धरायला शिकवताना असे तसाच तिचा आवाज होता. "आता कुणी घाई करायची नाही. प्रश्न पूर्ण ऐका. अर्धवट ऐकून उत्तर द्यायचं नाही. पेपर लिहिताना मी काय सांगते?"

"आधी प्रश्न शेवटपर्यंत वाचा," कल्पिता म्हणाली. मग हळूच हसली. "आमचा बाबापण तेच सांगतो, मॅडम. पापुद्रा धरला म्हून लगेच फावडं घालायचं न्हाय. मीठ बसू द्यायचं. न्हायतर दाणा फुटतो."

"बघा," मधुवंती म्हणाली. "मिठागरातसुद्धा हेच."

कल्पिताचा बाबा अजून मिठागर करी. आजूबाजूची मिठागरं बुजवून तिथे कंटेनर रचले गेले होते.

दुसऱ्या सत्रात मुलांनी एकही गुण घालवला नाही. प्रज्योतने दोन उत्तरं दिली, निकेतने तोंड आवरलं, आणि शेवटचा प्रश्न उरला तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. मधुवंतीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"समुद्राचं पाणी आटवून मीठ वेचून घेतल्यावर," बाई वाचू लागल्या.

कल्पिताचा चेहरा उजळला. शेवटच्या रांगेतूनही ते दिसलं. प्रश्न पुढे काय असणार, हे मधुवंतीला कळलं होतं, आणि कल्पितालाही. मीठ काढल्यावर वाफ्यात उरणारं ते कडू पाणी ती एकदा बाटलीत भरून प्रयोगशाळेत घेऊन आली होती. दोघींनी मिळून ते तपासलं होतं.

"वाफ्यात जे कडू पाणी उरतं," बाई वाचत होत्या.

कल्पिताचा हात बजरवर होता. बोटं किंचित वाकलेली. ती थांबली होती.

दाब, मधुवंती मनात म्हणाली. दाब गं.

"त्यातून मुख्यतः कोणता..."

बजर वाजला तो पलीकडच्या टेबलावर.

"मॅग्नेशियम," चेन्नईचा मुलगा म्हणाला.

संध्याकाळी कॉलेजची गाडी उरणकडे निघाली. दोन्ही बाजूंची नारळाची झाडं मागे पडत गेली. विश्वंभरशेठांचा फोन येऊन गेला होता. "असू दे, असू दे," ते म्हणाले होते, "पोरांना जेवायला घाला." आवाजात राग नव्हता. राग असता तर मधुवंतीला काही तरी बोलता आलं असतं.

"कल्पे, तुला येत होतं ना?" निकेतने शेवटी विचारलंच.

"व्हय."

"मग?"

"मॅडम बोललेल्या, पुरा ऐका."

निकेतने मान फिरवून मधुवंतीकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागला. मधुवंतीचं सांगणं चूक नव्हतंच. वर्गात आजवर ज्याला ज्याला तिने हे सांगितलं, त्याचं भलंच झालं होतं. ती स्वतःही तशीच वागत आली होती, समोरचा वाक्य पुरं करील म्हणून थांबत.

मग कल्पिता पुढच्या सीटच्या दांडीला धरून वाकली.

"मॅडम, तो प्रश्न परत विचारा ना."

"आता कशाला?"

"विचारा ना. एकदाच."

मधुवंतीने घसा साफ केला. "समुद्राचं पाणी आटवून..."

कल्पिताने तळहात लोखंडी दांडीवर आपटला. "मॅग्नेशियम!"

ड्रायव्हरने दचकून आरशात पाहिलं.

"बरोबर," मधुवंती म्हणाली.

तळहात लाल झाला होता. कल्पिताने तो मांडीवर उलटा ठेवला आणि मान खाली घातली.

"आता मना विचारा," प्रज्योत म्हणाला.

मधुवंतीने पुढचा प्रश्न सुरू केला, आणि अर्ध्यावर थांबून वाट पाहिली.