काचेतला नाथू

आंबेनळी घाटातल्या रस्त्याकडेच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या पडद्यांच्या चौकटीत, गेल्या साली वारलेला अंबूबाईचा नवरा नाथू अधांतरी तरंगत होता आणि बोलतही होता.

"अंबू, मी दुसऱ्या ग्रहावर सुखात आहे. साखरेच्या गोळ्या सोड. बाबांचं ताराजल घे."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ग्रहानंदबाबांनी खुलासा केला, की आत्मा म्हणजे लहरी, लहरी म्हणजे सिग्नल आणि आपल्या जटा म्हणजे अँटेना. रेंज मात्र श्रद्धावानालाच मिळते.

अंबूबाईचा थोरला भाऊ कुशाबा मागे उभा होता. साठीत साक्षरता वर्गाला जाऊन तो वाचायला शिकला आणि महाडच्या वाचनालयातल्या विज्ञानकथांचा त्याने फडशा पाडला. त्यामुळे बाबांचा माल त्याला ओळखीचा वाटला. कथांतली माणसं आधी चंद्रावर गेली, मग यंत्रमानव आले, मग परग्रहवासी, आता संगणकातले जीव. बाबांनी सगळ्यांची एकाच पातेल्यात खिचडी केली होती. आज्याच्या काळचा भगत भूत उतरवायचा, हे सिग्नल उतरवत होते. नारळ तेवढा तोच.

पण मधुमेहाच्या गोळ्या सोडल्यापासून बहिणीला घेरी येत होती. घरी त्याने परोपरीने सांगितलं, तिने ऐकलं नाही.

"दादा, जन्मभर 'अगो ए' म्हणून हाक मारली त्यांनी," ती म्हणाली. "मेल्यावर का होईना, माजं नाव घेतलं."

कुशाबा चपापला. पाणी मुरत होतं ते इथेच. नाथूने चुलीपाशीसुद्धा बायकोचं नाव घेतलं नव्हतं. आणि 'सुखात आहे'? नाथूच्या तोंडून 'आहे' कधी निघालं नव्हतं, निघायचं ते 'हाय'च.

"बाबांच्या शिष्याने घरातनं काय नेलं गो?"

"ह्यांचा फोटू. आणि लेकाला, किरणला, मुंबैला धाडलेले आवाज, मोबाइलमधले. पूजेला लागतात म्हणाला."

पुढच्या दर्शनाला नाथू तरंगू लागताच कुशाबा सरळ पडद्यामागे घुसला. लहरी तुटतील, म्हणून बाबा ओरडले. लहरी नाही, नाथूच दिसेनासा झाला. मग परत आला. पुन्हा गेला. कोणीतरी पडदा ओढला. जमिनीवर टीव्ही उताणा पडला होता, त्यावर तिरपी काच उभी होती आणि कुशाबा टीव्हीवर उपरणं पसरत होता, उचलत होता. शेडभर हशा पिकला.

त्याने सगळं फोडून सांगितलं. रात्री एसटीच्या खिडकीत आपलंच तोंड बाहेर दरीवर तरंगताना दिसतं, तशीच ही काच. सिनेमावाले फार जुन्या काळापासून अशी भुतं दाखवतात. आवाज संगणकाने नाथूचे निरोप ऐकून घडवला, शब्द मात्र शिष्याचे, म्हणून नाथू शहरातलं बोलला.

"गोष्टवाला आधीच सांगतो, ही गोष्ट हाय. ह्यो बाबा तेवढंच गाळतो. चमत्कार दिसला तर आधी दिवा लावा, पडदा सारा, मग हात जोडायचे का बघा. आन् डॉक्टरला इचारल्याबिगर गोळी सोडू नका."

बाबा मागच्या दाराने केव्हाच सटकले होते. अंबूबाई काचेकडे बघत बसून राहिली.

"यंत्राला माजं नाव घेता आलं," ती म्हणाली, "मग ह्यांना का नाय रे आलं?"

कुशाबाने खिशातली तिची गोळी तिच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"घे, अंबू."