पलीकडच्या तीरावरची होडी

मी होडी बोलतेय. वाळूत पालथी पडले आहे, म्हणून आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या.

नदीकाठच्या एका सुतारानं मला घडवलं. फटींत काथ्या ठासला, वरून डांबर फासलं आणि पाण्यात ढकलून दिलं. पहिल्याच स्पर्शाला मी शहारले. पाणी हे माझं माहेर की सासर, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझा नावाडी जिवाला जीव देणारा माणूस. म्हाताऱ्या उतारूंना हात धरून उतरवायचा, वल्हवताना काहीबाही गुणगुणायचा. पण मागच्या फळीखाली त्याची बाटली असायची. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे: जे सगळ्यांना ठाऊक असतं, तेच ती सर्वांत खोल लपवतात. आधी तो दिवस मावळल्यावर घ्यायचा, मग दुपारी, मग माझा दोर सोडण्याआधीच. त्याचं गुणगुणणं कधी थांबलं, ते माझ्याही लक्षात आलं नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी काही ठरावीक माणसं पलीकडे जायची. त्यांत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या आणि घड्याळं दुरुस्त करणारे एक काका. तिथल्या वाचनालयाच्या माडीवर त्यांची कसलीशी बैठक भरे. खिडकी उजळली की तिचा पिवळा चौकोन पाण्यात उतरायचा आणि माझ्या कडेला येऊन डुलायचा. अर्धवट झोपेत मला वाटे, खोली नदीतच आहे. माणसं जिना चढतात आणि पाण्यात उतरतात.

जाताना ती गप्प असत, येताना हसत. नावाड्यानं आपला तर्क लढवला.

"वर काहीतरी भारी मिळत असणार," तो स्वतःशीच म्हणायचा. "वास मात्र एकाच्याही तोंडाला नाही!"

एकदा त्यानं बाईंना विचारलंच. "बाई, तिथं जे मिळतं ते मलाही चालेल हो."

"चहा मिळतो," बाई म्हणाल्या. "तोही पाणचट."

त्यानं डोळे बारीक केले. त्याचा काडीचाही विश्वास बसला नाही.

मग तो धुक्याचा गुरुवार आला. परतीच्या खेपेला बाई आणि काका होते, आणि पुढच्या फळीवर नावाड्याची बायको; ती बहिणीकडून परत येत होती. सगळीकडे कापूस पिंजल्यासारखं पांढरं. मध्येच वल्हं थांबलं. नावाडी बसल्या बसल्या झोपला होता. मी वाहत निघाले. खालून बंधाऱ्याची ओढ लागली, पाण्याचा आवाज जाड होत गेला, आणि मला ओरडता येईना.

"अहो! अहो, उठा!" बायको किंचाळली.

बाईंनी एक वल्हं धरलं, काकांनी दुसरं. माझी बरगडी दगडावर आपटली, पण मी काठाला लागले. बायको उतरली. रागावली नाही, रडली नाही.

"उद्यापासून मी बंधाऱ्यावरून, लांबच्या रस्त्यानं चालत जाईन," ती म्हणाली. "तुमच्या होडीत पाय ठेवणार नाही."

पुढच्या गुरुवारी पलीकडे पोचल्यावर बाई उतरता उतरता थांबल्या. "दादा, होडी बांधा आणि वर चला."

"माझं काय काम वर?"

"आमचं आहे तेच. मीही प्यायचे."

नावाडी हबकला. "तुम्ही? अख्खं गाव तुमच्याकडे पाढे शिकलंय!"

"पाढे म्हणून घेतानाही प्यायलेली असायचे मी."

त्यानं मला बांधलं. पुन्हा सोडलं. पुन्हा बांधलं. शेवटी जिन्यावर त्याची पावलं वाजली. संध्याकाळी पाण्यावरून शब्द दूरवर येतात, आणि मी तर खिडकीखालीच होते. मग त्याचा आवाज: "मी होडी चालवतो." मग हळूच: "आणि मला दारू सुटत नाही." कुणी हसलं नाही. कुणीतरी फक्त "बस ना" म्हणालं, आणि खुर्ची सरकली.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. मध्येच तो पुन्हा बाटलीकडे घसरला. लाजेनं काठावर येईना. मी बांधलेलीच. तेव्हा काका त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. माझ्यात बसल्यावर ते बाईंना सांगत होते, "मी म्हटलं, वर नको येऊस रे, पण आम्हाला पोचव तरी! आम्ही काय पोहत जायचं?" तो वल्हवत होता, मान खाली घालून. पलीकडे पोचल्यावर त्यानं मला बांधलं. सगळ्यांच्या मागून तोही जिना चढला.

नंतर पूल झाला आणि माझं काम संपलं. नावाड्यानंच मला इथं, वाचनालयाखाली, पालथं घातलं. माझ्या फळ्यांत आता मुंग्यांनी घरं केली आहेत. त्याची बायको माझ्यात पुन्हा कधीच बसली नाही. पण गुरुवारी ती दोघं पुलावरून चालत येतात. तो माडीवर जातो. शेजारच्या खोलीत पिणाऱ्यांच्या घरच्यांची बैठक असते, तिथं ती जाते.

परवा त्या खोलीतून एक हसू खाली आलं. खळखळून, पोट धरून. कुणाचं म्हणून मी कान दिला. मग तीच बोलू लागली, तेव्हा कळलं. इतकी वर्षं तिला मी नेलं-आणलं, आणि हे हसू ओळखीचं नव्हतं.

मला सरपणाला न्यायचं असेल तर खुशाल न्या. फक्त गुरुवारी नेऊ नका.