रिकामी चौकट

जनावरांच्या दवाखान्यात तपशीलबाई कामाला लागून आज तीन महिने होत होते, आणि तिला ठेवायचं की नारळ द्यायचा, हे डॉक्टर आज ठरवणार होते.

‘तपशीलबाई’ हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं. साहेब बोलले तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही, असा तिचा खाक्या. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते, "काट्यावर उभं करून वजन लिही." मालकीणबाई सशाला पोटाशी धरून उभ्या राहिल्या, आणि बाईनं लिहिलं : ससा, चौसष्ट किलो. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "आणखी एक घोळ, की घरी!"

तो घोळ काल संध्याकाळी झाला. डॉक्टर घाईत होते. दाराशी कुणीतरी खोक्यात टाकून गेलेली चार पिल्लं त्यांनी घरी नेली होती आणि पिल्लांनी बायकोच्या चपलांचा भुगा केला होता. बूट घालता घालता ते म्हणाले, "या महिनाअखेरपर्यंत ज्यांची लस राहिलीय, त्यांची यादी काढ. सगळ्यांना मेसेज टाक."

कॉम्प्युटरनं दोन चौकटी दाखवल्या : ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’. ‘पर्यंत’मध्ये बाईनं महिन्याची शेवटची तारीख घातली. ‘पासून’वर मात्र तिचं बोट अडलं. साहेब ‘पासून’ काही म्हणालेच नव्हते! मग ती चौकट तिनं रिकामी सोडली आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटरही तिच्यासारखाच आज्ञाधारक. सुरुवातीची तारीख नाही, म्हणजे दवाखाना उघडल्यापासून. बावीस वर्षांतल्या, लस राहिलेल्या झाडून सगळ्या जनावरांच्या घरी मेसेज गेले. त्यातली निम्मी जनावरं केव्हाच देवाघरी गेलेली.

सकाळी ती आली, तर रांग पार फाटकाबाहेर. एकीच्या हातात कासव, एकाच्या खांद्यावर टक्कल पडलेला पोपट. सगळ्यांत पुढे एक निवृत्त चित्रकला मास्तर. त्यांच्या हातात नुसताच पट्टा.

"काका, कुत्रा कुठाय?" बाईनं विचारलं.

"तेच विचारायला आलोय!" मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल वाचला. "‘तुमच्या लाडक्याची लस राहिली आहे. उद्या सकाळी घेऊन या. उशीर जिवावर बेतू शकतो.’ अगं, बेतला की! अकरा वर्षं झाली!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आमचा बोकाही गेला हो! त्याला कुठून आणू?"

तेवढ्यात पिल्लांचं खोकं काखोटीला मारून डॉक्टर आले. रांग बघून त्यांचा चेहरा आधी फुलला, मग मास्तरांचा पट्टा बघून उतरला.

"किती मागची तारीख घातलीस?"

"घातलीच नाही, साहेब. तुम्ही ‘पर्यंत’ म्हणालात."

"अगं, पण..." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडे बायको. आवाज एवढा खणखणीत, की कासवानंही मान आत घेतली.

"अहो, बैलाला कधी आणू?"

"कुठला बैल?"

"माझा! मेसेज आलाय. बैलाचं नाव तुमचंच आहे!"

डॉक्टरांना आठवलं. बावीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर शिकताना त्यांनी गंमत म्हणून पहिली नोंद केली होती : जनावर बैल, नाव स्वतःचं, मालकीण बायको. पुसायची राहून गेली.

इकडे खोक्यातल्या एका पिल्लानं मान काढून मास्तरांचा पट्टा दातांत धरला होता. मास्तर ओढेनात, पिल्लू सोडेना.

"सोड रे मेल्या," मास्तर म्हणाले. पण त्यांचाच हात सुटला आणि पिल्लाच्या डोक्यावर गेला. "याचं कुणी आहे का?"

"कुणी नाही!" डॉक्टर एवढ्या जोरात म्हणाले, की बोकावाल्या बाईही पुढे सरसावल्या. दुपारपर्यंत खोकं रिकामं. शिवाय वर्षानुवर्षं लस चुकवलेली सतरा जिवंत जनावरं टोचून झाली.

डॉक्टरांनी घरी फोन लावला. "गेली हो, चारही गेली!"

"त्या मुलीच्या मेसेजमुळे ना? मग तिला काढायचं नाही."

"ते मी ठरवीन."

"बैलाला कोण विचारतं?" बायकोनं फोन ठेवला.

डॉक्टरांनी खाकरून घसा साफ केला. "तपशीलबाई, उद्यापासून तू पक्की."

बाईनं वही उघडली. "कधीपर्यंत, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "ती चौकट सोड रिकामी."

तिनं सोडली. मग मान वर करून म्हणाली, "आणि बैलाच्या लशीचं काय करू? बाईसाहेबांचा मेसेज आलाय, चारला येतायत."