तारेच्या आकड्याने जपलेला रंग

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. तारेचा. नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या. तुमच्या घरी कधी रंगारी आला असेल आणि तुम्ही त्याच्या रंगाच्या डब्यात डोकावला असाल, तर काठावर अडकवलेला माझ्यासारखा कोणीतरी तुम्हाला दिसला असेल. माझं वरचं टोक वळवून डब्याच्या काठावर बसतं. खालचं टोक डब्याच्या आत उतरून जरासं वर उचललेलं असतं. त्यात ब्रशच्या दांडीचं भोक अडकवायचं, की झालं. ब्रश डब्यात लटकतो, त्याचे केस रंगात बुडतात पण तळाला टेकत नाहीत, आणि ओघळणारा रंग गुमान परत डब्यात पडतो. माझ्यात ना स्क्रू, ना स्प्रिंग. पण मी नसलो की काय दैना उडते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण माझा जन्मच त्या दैनेतून झाला.

तेव्हा आमचा रंगारी अगदी तरुण होता. उस्तादाचा हात सोडून पहिल्यांदाच एकट्याने काम घेतलं होतं, शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या खोलीचं. खोली लहानशी. खिडकीजवळ शिलाई मशीन, भिंतीला कपाट आणि दारामागे हँगरवर लटकलेले लोकांचे अर्धवट कपडे. रंगाऱ्याने डबा उघडला, चार हात मारले आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवून पाणी प्यायला गेला. परत येतो तर ब्रश दांडीसकट बुडालेला! त्याने कोपरापर्यंत हात घालून तो काढला. मग तोच हात दाराला लागला, कडीला लागला, शेवटी मशीनच्या झाकणालाही लागला.

"अहो दादा," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी भिंत रंगवायला बोलावलंय. तुम्ही स्वतःलाच काय रंगवत सुटलात?"

बिचारा लाजेने लालबुंद झाला. काकू तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या चांगल्या. त्यांनी दारामागचा एक जाड तारेचा हँगर काढला, पकडीने तोडला, गुडघ्यावर दाबून एक वळण दिलं, टोकाला दुसरं दिलं आणि डब्यात अडकवून पाहिला. हँगरचा मी आकडा झालो तो असा. कोटाचं ओझं गेलं आणि ब्रशचं आलं.

"माझा चांगला हँगर गेला यात," काकूंनी बजावलं. "आता ब्रश आडवा ठेवलेला दिसला तर बघा!"

त्या दिवशीचा रंग मी कसा विसरेन? काम सुरू होण्याआधी तो कालवला, तेव्हा मी दारामागे अजून हँगरच होतो. काकूंना दुकानातला कुठलाच रंग पसंत नव्हता. त्यांनी स्वतः शिवलेल्या पहिल्या झग्याची एक चिंधी रंगाऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हा हवा." पिकू लागलेल्या पेरूच्या सालीसारखा तो रंग होता. हिरवा म्हणावा तर पिवळा, पिवळा म्हणावा तर हिरवा. रंगाऱ्याने अंदाजाने रंग कालवले. काकूंनी डबा खिडकीशी आणायला लावला. कापडाला जुळणारा दोरा त्या तसाच निवडायच्या, खिडकीच्या उजेडात. "दिव्याखाली बघून काय कळतंय डोंबल!" असं म्हणत त्यांनी पुन्हा पुन्हा थेंब थेंब वाढवायला लावला. रंगारी मेटाकुटीला आला. शेवटी काकूंनी चिंधी रंगाशी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "हां, आता बसला."

तोच रंग माझ्या अंगावर सगळ्यात आधी चढला.

मग काय, आमची जोडी जमली! मित्रांनो, आमच्या रंगाऱ्याचं काम तुम्ही बघायला हवं होतं. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली रेघ तो चिकटपट्टी न लावता ओढायचा. श्वास रोखून, एका दमात, दोरी ताणावी तशी सरळ. शिडीवर चढला की डबा शिडीला, ब्रश मला आणि एक हात आधाराला मोकळा. इतर रंगारी ब्रश डब्याच्या काठावर पुसतात. काठावर रंग वाळतो, झाकण नीट बसत नाही आणि उरलेल्या रंगावर साय धरते. आमचा पठ्ठ्या ब्रश माझ्या दांडीवर पुसायचा, त्यामुळे डब्याचा काठ कायम स्वच्छ. जेवायच्या सुट्टीत इतरांचे ब्रश तळावर उभे राहून केस वाकवून घ्यायचे आणि दुपारी भिंतीवर फराटे मारायचे. आमचा ब्रश मात्र थिनरमध्ये ऐटीत लटकायचा. "हा आकडा कुठे मिळतो रे?" असं कोणी विचारलं की आमचा रंगारी छाती फुगवून सांगायचा, "मिळत नाही. काकूंनी केलाय." मीही तेव्हा जरा फुगायचो. खोटं कशाला बोलू?

घरोघरचा रंग माझ्या दांडीवर थरावर थर चढत गेला. शाळेच्या दारांचा हिरवा, दवाखान्याच्या खिडक्यांचा निळा, बेकरीच्या शटरचा लाल. माझं कोपर, म्हणजे खालचं वळण, बोराएवढं जाड झालं. रंगाऱ्याच्या बायकोला ते बघवायचं नाही.

"काय हे ध्यान!" ती म्हणायची. "द्या इकडे. थिनरमध्ये बुडवून ठेवते, चकाचक होईल."

"खबरदार हात लावशील तर! ब्रश धुवायचा असतो, आकडा नाही. ते दागिने आहेत त्याचे."

"दागिने म्हणे! मला मेलं कधी फुलं तरी घातलीत का एवढ्या प्रेमाने?" असं म्हणून ती हसत आत जायची.

पण दिवस काही एकाचे राहत नाहीत. रोलर आले, ट्रे आले. दुकानदाराने एक लोहचुंबकवाली चिमटी फुकट दिली, तिला ब्रश नुसता चिकटायचा. रंगाऱ्याचे गुडघेही कुरकुरायला लागले आणि शिडीवरची कामं कमी झाली. एक दिवस त्याच्या बायकोने मला पिशवीतून काढलं आणि मागच्या खिडकीच्या गजाला अडकवून माझ्यावर कपड्यांच्या चिमट्यांची थैली टांगली. ज्याने दवाखान्याच्या खिडक्या रंगवताना साथ दिली, त्याने आता चिमटे सांभाळायचे! मला फार वाईट वाटलं. रंगारी माझ्या समोरून रोज जायचा, पण त्याची नजर माझ्याकडे वळायची नाही.

अशात एका सकाळी काकूंचा मुलगा दारात उभा राहिला. चांगला मोठा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, पण चेहरा रडवेला.

"रंगारीकाका, माझ्या हातून फार मोठी चूक झाली हो," तो म्हणाला आणि तिथेच पायरीवर बसला.

काकू आता खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. गोष्टी विसरायच्या, माणसंही विसरायच्या, पण आपल्या खोलीत मशीनजवळ बसल्या की शांत असायच्या. मध्यंतरी पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि बरेच दिवस दवाखान्यात राहिल्या. मुलगा मनाने सोन्यासारखा. आईला घरी आल्यावर छान वाटावं म्हणून त्याने खोली पार नवी करून घेतली. जुना रंग खरवडला, भेगांमध्ये लांबी भरली, खिडकीच्या चौकटी घासल्या, बटणं बदलली आणि सगळीकडे पांढराशुभ्र रंग दिला. आई आली. दारातच थांबली. म्हणाली, "परत दवाखान्यातच आणलंत होय मला? मला घरी सोडा."

"तेव्हापासून दाराजवळच्या खुर्चीत बसून आहे, काका. पायात चपला, मांडीवर पिशवी. पलंगावर पाठ टेकत नाही. दोन घास भरवायला गेलं तर म्हणते, घरी जाऊन जेवेन. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर ती उठायची नाही. काका, तो जुना रंग तुम्ही कालवला होतात. तेवढा एकदा परत करून द्या."

रंगारी लगेच निघाला. संध्याकाळी परतला तो खांदे पाडून. तो बायकोला सांगत होता आणि मी गजावरून सगळं ऐकत होतो. कपाटामागे पाहिलं, बटणांखाली पाहिलं, खिडकीच्या सांदीत नखाने उकरलं. पोराने इतकं मन लावून काम करून घेतलं होतं की जुन्या रंगाचा कणभरही कुठे उरला नव्हता. झग्याची चिंधी कधीच मशीन पुसण्यात संपली होती. आठवणीने कालवून भिंतीवर दोन-तीन फराटे मारले, तर काकूंनी तोंड फिरवलं.

"डोळ्यांपुढे येतो गं तो रंग," रंगारी म्हणाला, "पण हातात येत नाही. माझं पहिलं काम होतं ते. पाणीसुद्धा पीत नाही म्हातारी."

बायको दोरीवरचे कपडे काढत होती. चिमटे थैलीत टाकता टाकता तिचा हात थांबला. तिने मला गजावरून काढलं आणि माझं जाडजूड कोपर त्याच्या नाकासमोर धरलं.

"हा पहिल्यांदा घरी आणलात तेव्हा कसा पिवळट-हिरवा होता, आठवतंय? मी म्हटलं होतं, याला पेरूची साल चिकटलीय का! दागिने दागिने म्हणता ना? मग सगळ्यात खालचा दागिना काढा की!"

रंगारी बघतच राहिला. मग एवढा हसला, एवढा हसला, आणि शेवटी त्याने डोळे पुसले. "तू रोज थिनर थिनर करायचीस," तो म्हणाला.

"आणि तुम्ही ऐकलं नाहीत, हे बरंच केलंत. आता पुरे. जास्त चढून बसू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीवर उन्हात बसला आणि पात्याने माझं कोपर तासू लागला. आधी एक तिरकी खाच घेतली. खाचेत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सगळे रंग दिसले आणि तळाशी तो पेरूचा, पण धाग्याएवढा बारीक. तेवढ्यावरून रंग जुळवता येईना. बाकीचे थर काढावेच लागणार होते. लाल बेकरी सोलून निघाली, निळा दवाखाना गेला, हिरवी शाळा गेली. मित्रांनो, मला दुखलं. माझं सगळं आयुष्य त्या पायरीवर टरफलांसारखं पडलं होतं. पण मला घडवणारी बाई उपाशी बसली होती, त्यापुढे माझ्या दागिन्यांचं काय मोल? मी जरासुद्धा वाकलो नाही. शेवटी तो रंग उघडा पडला. इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळे तसाच ताजा राहिला होता.

रंगाऱ्याने दुपारपर्यंत कालवून कालवून रंग जुळवला आणि आम्ही काकूंकडे गेलो. काकू दाराजवळच्या खुर्चीत होत्या. केवढ्याशा झाल्या होत्या!

"गाडी आली का?" त्यांनी विचारलं.

मशीनजवळच्या पांढऱ्या भिंतीवर रंगाऱ्याने हातभर रंग लावला. काकू बघत राहिल्या. मुलगा दाराची चौकट धरून उभा होता.

"उजेडात बघितलात का?" काकू म्हणाल्या.

रंगाऱ्याने मला त्यांच्या हातात दिलं. काकूंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, चालायला दिलेला वॉकर धरला आणि कोणी हात द्यायच्या आत उभ्या राहिल्या. हळूहळू खिडकीशी गेल्या. मला भिंतीवरच्या ओल्या रंगाशेजारी धरलं आणि डोळे बारीक केले.

"पिवळा कमी आहे. थेंबभर घाला."

रंगाऱ्याने थेंबभर घातला, ढवळला आणि शेजारी दुसरा पट्टा ओढला.

"हां, आता बसला."

रंगाऱ्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. डोळे पुसायला त्याने हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला. झालं! काकूंचा आवाज खणखणीत वाजला.

"अहो दादा! ब्रश आडवा ठेवलात? माझा चांगला हँगर काय उगीच मोडला मी?"

मुलाने तोंडात पदर कोंबावा तसा रुमाल कोंबला आणि तो ढसाढसा रडला. काकूंनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. "याला काय झालं? भूक लागली असेल. मलाही लागलीय." मग त्यांनी मशीनच्या स्टुलावर बसून पायातल्या चपला काढल्या.

काकू पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या, असं मी सांगणार नाही. अजूनही त्या मुलाला कधी कधी आपल्या भावाच्या नावाने हाक मारतात. पण आपल्या पलंगावर झोपतात, पोटभर जेवतात आणि घरी सोडा म्हणत नाहीत. चारही भिंती रंगवून रंगारी निघाला तेव्हा काकूंनी हात पुढे केला. "माझा हँगर ठेवून जा." रंगाऱ्याने मला मुकाट्याने देऊन टाकलं. आता मी मशीनच्या वर एका खिळ्याला लटकतो. भिंतीचा रंग आणि माझा रंग एकच, त्यामुळे पाहुण्यांना मी दिसतही नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काही नवं जरूर करा, पण त्यांच्या खोलीला हात लावण्याआधी त्यांना एकदा विचारा. ज्या कळकट दिसणाऱ्या वस्तूला कोणी दागिना म्हणत असेल, तिला थिनरमध्ये बुडवण्याची घाई करू नका. आणि हो, रंगकाम कराल तेव्हा ब्रश डब्यावर आडवा ठेवू नका, टांगून ठेवा. काकूंचं लक्ष आहे.